लातूर ते बँकॉक : परदेशवारीचं बुकिंग आपल्या उंबऱ्यापासून

आमच्या आईचा वाढदिवस १ जूनला असतो. मामाचाही १ जूनला. शेजारच्या दोन काकूंचाही. मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीचे वाढदिवस गुरुजींनी ठरवलेले आहेत. पोराला शाळेत घालायला आणलं, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, मग लिहा १ जून. यात गंमत आहे, पण पासपोर्टच्या खिडकीशी गेलं की ती संपते. आईच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जानेवारी, पॅनवर तिसरंच काहीतरी. त्यात दाखल्यावर नुसतं ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’. थायलंडला जायचं ठरल्यावर आमचे पहिले अडीच महिने तिकिटं बघण्यात गेलेच नाहीत, ही एक बाई एकच आहे हे कागदावर सिद्ध करण्यात गेले.

म्हणून ओळखीतलं कुणी विचारायला आलं, ‘सर, परदेशात जायचंय, स्वस्त तिकीट कसं बघायचं?’ की माझा उलटा प्रश्न असतो : घरातल्या सगळ्यांचे कागद जुळतात का? तिकीट शेवटी. मुंबई-पुण्याच्या माणसासाठी लिहिलेला सल्ला वाचून आपण विमानापासून सुरुवात करतो. आपली सहल मात्र विमानतळाच्या बरीच अलीकडे, तहसीलच्या, पोस्टाच्या आणि रेल्वेच्या रांगेत सुरू होते.

कागद

पासपोर्टचा अर्ज पासपोर्ट सेवा या सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तात्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. मोठ्या माणसाला १० वर्षांची मुदत मिळते, लहान मुलांना साधारण ५ वर्षांची. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांची संमती लागते. आता पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्रं झाली आहेत, त्यामुळे कागद दाखवायला थेट पुणे-मुंबई गाठायची वेळ पूर्वीसारखी येत नाही. नंतर पोलीस पडताळणी. पासपोर्टवर सध्याचा पत्ता एक आणि राहणं दुसरीकडे असेल तर पडताळणी इथंच अडकते. गावचा पत्ता टाकायचा की शहरातल्या भाड्याच्या घराचा, हे आधी ठरवा आणि ज्या पत्त्यावर पोलिसाला तुम्ही प्रत्यक्ष सापडाल तोच टाका.

आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन, मग पासपोर्टचा अर्ज. उलट क्रमानं गेलात तर तीन वेळा फी आणि सहा वेळा चकरा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी सगळीकडे एकच नाव आहे ना, हे आधी बघावं. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असला तरी प्रवास करता येतो, फक्त तिकीट आणि व्हिसा त्याच नावानं काढायचा.

पासपोर्टवर नाव दोन खणांत असतं : एका खणात आडनाव, दुसऱ्यात स्वतःचं नाव आणि पुढं वडिलांचं किंवा नवऱ्याचं. तिकिटावरही तसंच्या तसं जायला हवं, स्पेलिंगच्या शेवटच्या अक्षरापर्यंत. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा खण कोराच असतो, सगळं नाव दुसऱ्या खणात. त्यातही ज्यांचं सगळं नाव एकाच शब्दाचं आहे, अशांवर यूएईनं (संयुक्त अरब अमिराती, दुबई त्यातलंच) नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्बंध आणले. दुबईचं ठरवत असाल आणि घरात कुणाचा असा पासपोर्ट असेल तर आधी नाव नीट करून घ्या.

जुना पासपोर्ट असेल तर मुदत तपासा. बरेच देश प्रवासाच्या तारखेपासून पुढं किमान सहा महिने मुदत मागतात. आणि सहा महिन्यांचा हिशोब जाण्याच्या दिवसापासून नव्हे, परतीच्या दिवसापासून धरा, म्हणजे वाद नको. दोन कोरी पानंही हवीत.

आमच्यासारखे जिल्हा परिषदेचे शिक्षक, तलाठी, महावितरणचे, एसटीचे लोक यांनी आणखी एक पायरी धरावी. पासपोर्टसाठी कार्यालयाला पूर्वसूचना किंवा ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि प्रत्यक्ष परदेशी जाण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. रजा मंजूर झाली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. माझी फाईल एका टेबलावर तीन आठवडे नुसती बसून होती, कारण साहेब निवडणुकीच्या ट्रेनिंगला. परवानगीचा अर्ज तिकिटाच्या किमान दोन-अडीच महिने आधी टाका आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कधी जायचं

आपल्याकडे हा प्रश्न पंचांग, शाळा आणि आडत दुकान असा तिघांना विचारावा लागतो. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हातात येतात, उसाचं बिल त्यानंतर कधीतरी. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण लगीनसराईही तेव्हाच. भाद्रपदात महालक्ष्म्या. आणि लातूर-धाराशिवच्या माणसाला येळवसेला, म्हणजे दर्शवेळा अमावस्येला, शेतात नसणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. आमची पहिली तारीख याच कारणानं रद्द झाली. आई म्हणाली, ‘भज्जी-आंबील सोडून मी कुठंबी येणार नाही.’ दर्शवेळा अमावस्या साधारण डिसेंबर-जानेवारीत येते, तेव्हा तारखा धरण्याआधी घरातल्या मोठ्यांसमोर कॅलेंडर उघडा.

तिकडचं हवामानही बघायला हवं. थायलंड नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान. फुकेतकडच्या किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, तर कोह सामुईच्या बाजूला ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जोर असतो, म्हणजे एकाच देशात दोन पावसाळे. बाली एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं, आपल्या उन्हाळी सुट्टीला सोयीचं. दुबईला मे-जूनमध्ये जाणं म्हणजे परभणीचा उन्हाळा चुकवून आणखी मोठ्या तव्यावर बसणं. तेव्हा स्वस्त मिळतं ते त्याचमुळे. दुबईचा मोसम नोव्हेंबर ते मार्च. १३ ते १५ एप्रिलला थायलंडमध्ये सोंगक्रान असतो, रस्त्यात पाणी उडवतात. पोरं खूश, म्हातारी माणसं हैराण.

कुठून उडायचं

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण पैसे इथंच वाचतात आणि सहलीही इथंच फसतात.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून आणि नांदेडहून देशांतर्गत विमानं आहेत, पण परदेशाचं विमान पकडायला बाहेर जावंच लागतं. सवयीनं आपण मुंबई म्हणतो. लातूर, नांदेड, धाराशिव, परभणी, हिंगोलीवाल्यांनी आधी हैदराबाद बघावं. लातूरहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास. नांदेडहूनही हैदराबादच जवळ. झहीराबाद, संगारेड्डीवरून पाटणचेरूला बाहेरच्या रिंग रोडला लागलं की शहरात न शिरता थेट शमशाबाद विमानतळ येतो. बँकॉक, दुबई, सिंगापूर, क्वालालंपूरला तिथून थेट विमानं आहेत. गाडी घरची असेल आणि माणसं चार-पाच असतील तर हा मार्ग बहुतेक वेळा स्वस्त आणि निवांत पडतो. पार्किंगचे दिवसाचे दर आधी बघा, नाहीतर भाच्याला गाडी परत न्यायला लावा.

संभाजीनगर, जालना, बीडवाल्यांना मुंबई सोयीची. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर पुरा झाला. जालना-मुंबई वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत आली. रात्रीसाठी देवगिरी, नंदिग्राम आहेतच. पण आता मुंबईचं तिकीट काढताना एक गोष्ट डोळे उघडे ठेवून वाचायची : नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आहे. तिकिटावर ‘मुंबई’ दिसलं म्हणजे अंधेरी-सहारच असेल असं नाही. विमानतळाचं पूर्ण नाव आणि टर्मिनल वाचा. संभाजीनगरहून विमानानं मुंबईत उतरून पुढचं विमान धरणार असाल तरीही हेच. मुंबईत टर्मिनल एकवरून दोनवर जायला रस्त्यानंच जावं लागतं, आणि विलेपार्ल्याच्या ट्रॅफिकला तुमच्या विमानाशी देणंघेणं नसतं.

आणि आता माझी फजिती. पहिल्या खेपेला मी हिशोब केला : विमान सकाळी साडेदहाला, रात्रीची खासगी बस पहाटे पाचला वाशी, म्हणजे भरपूर वेळ. बोरघाटात ट्रक उलटला होता. बस साडेतीन तास एका जागी. आई खिडकीतून डोंगर बघत होती आणि मी मोबाईलमध्ये वेळ. काउंटरला पोचलो तेव्हा उड्डाणाला पन्नास मिनिटं होती. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. आमच्या डोळ्यांसमोर मुलीनं पट्टी ओढली. त्याहून मोठा धक्का पुढं बसला : जाण्याच्या विमानात बसला नाहीत तर बहुतेक कंपन्या त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द करतात. म्हणजे गेलं एक तिकीट नाही, गेली दोन. चौघांची. दुसऱ्या दिवशीची नवी तिकिटं काढताना माझ्या बायकोनं जे तोंड मिटून घेतलं ते पट्टायाला समुद्र दिसल्यावरच उघडलं.

तेव्हापासून घरचा नियम आहे : उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोचायचं. विमान रात्रीचं असेल तर सकाळी पोचणारी गाडी चालेल, सकाळचं असेल तर आदल्या रात्री मुक्काम. पाहुण्यांकडे उतरा नाहीतर विमानतळाजवळ साधी खोली घ्या, पण ती रात्र सहलीच्या खर्चात पहिल्यापासून धरा. परत येतानाही विमान उतरल्यापासून चार-पाच तासांच्या आतली रेल्वे धरू नका.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. विमानाचं तिकीट त्याच्या बरंच आधी निघालेलं असतं. म्हणून तिकीट काढलं की लगेच मोबाईलमध्ये ६० दिवस आधीच्या सकाळची घंटा लावून ठेवा. लातूर-मुंबई एक्स्प्रेसची अवस्था ज्याला माहीत आहे त्याला कारण सांगायला नको.

व्हिसा

देशाची निवड करताना व्हिसावरून तीन गठ्ठे करा.

पहिला, व्हिसाच नको असे. नेपाळ आणि भूतानला तर पासपोर्टही लागत नाही, मूळ मतदार ओळखपत्र चालतं. पण आधार कार्डावर भिस्त ठेवू नका, आणि मतदार कार्डाची झेरॉक्स नको, कार्डच हवं. आपल्याकडून दरवर्षी लुंबिनीला जाणारे गट असतात. गोरखपूरहून सुनौलीच्या नाक्यानं जाताना एका कार्डासाठी सगळा गट थांबतो, हे त्यातल्या कुणालाही विचारा. भूतानमध्ये भारतीय प्रवाशाला माणशी रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं. हॉटेलच्या दरात ते धरलंय का ते विचारा. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली. मॉरिशस आणि मालदीवही सोपे. मात्र अशा सवलतींची मुदत आणि अटी बदलत असतात, म्हणून तिकिटाच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघायचंच. व्हॉट्सॲपवर आलेला फॉरवर्ड हा पुरावा नव्हे.

व्हिसा नको म्हणजे काहीच भरायचं नाही असंही नाही. थायलंडला १ मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. मलेशियाचंही तसंच, आणि व्हिसा लागत असला तरी सिंगापूरचंही. ही कार्डं फुकट आहेत. गुगलवर शोधलं की वर जी पहिली चकचकीत पानं येतात ती याच फुकटच्या कार्डाचे पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी त्या देशाचं सरकारी नाव आहे का, एवढं बघा.

दुसरा गठ्ठा ऑनलाइन व्हिसाचा. व्हिएतनामचा एक वेळ प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरचा आहे. यातही नक्कल पानांचा सुळसुळाट आहे. फोटो आणि पासपोर्टचं पान स्कॅन करताना खालच्या दोन ओळींतलं एकही अक्षर कापलं जाऊ देऊ नका.

तिसरा गठ्ठा म्हणजे युरोप, इंग्लंड, अमेरिका. युरोपातल्या देशांचा सामायिक शेंगेन व्हिसा एकच, देश २९. फी जून २०२४ पासून ९० युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, १५ दिवसांच्या आत आलेल्या तारखेसाठी करता येत नाही. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. बोटांचे ठसे द्यायला पुणे, मुंबई किंवा हैदराबादला जावं लागतं, म्हणजे आणखी एक प्रवास. निदान ३०,००० युरोचं आरोग्य संरक्षण असलेला विमा सक्तीचा.

इथं शेतकरी कुटुंबाची अडचण होते. दूतावासाला पगाराची स्लिप आणि आयकर विवरण कळतं, सात-बारा कळत नाही. म्हणून सात-बारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर, कारखान्याचं उसाचं बिल, बाजार समितीच्या पट्ट्या, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि हे पैसे बँकेत आलेले दिसतील असं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, असा एक गठ्ठा लावा. अर्जाच्या आठ दिवस आधी पाहुण्यांकडून पाच लाख आणून खात्यात टाकण्याची युक्ती करू नका. ती त्यांना सगळ्यात आधी दिसते. शेतमाल विकून मोठी रक्कम आली असेल तर त्याची पावती सोबत जोडा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढायचं नाही, तारखांसाठी रद्द करता येणारं आरक्षण पुरतं.

तिकीट

दर तुलना करणाऱ्या साइटवर बघावं, पण घ्यावं शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून. तारीख बदलली, विमान रद्द झालं, की मधल्या माणसाकडं आणि कंपनीकडं चेंडूसारखं फिरणं वाचतं. पाच-सातशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

दर बघताना बॅगेसकट बघा. बऱ्याच स्वस्त कंपन्यांच्या मूळ दरात फक्त हातातली सात किलोची बॅग असते, मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे, आणि ते तिकिटासोबत घेतले तर कमी, काउंटरवर घेतले तर डोळे पांढरे. बदलीचं विमान असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. वेगवेगळी दोन तिकिटं जोडून घेतली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी काही कर्तव्य नसतं.

संभाजीनगर शोधताना जुन्या नावानंही शोधून बघा. काही साइटवर अजून औरंगाबादच आहे, आयएक्सयू हा कोड टाकला की वाद मिटतो. पासपोर्टवर जन्मठिकाण औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर शहराचं नाव बदललं म्हणून पासपोर्ट बदलायची गरज नाही. अर्जात पासपोर्टवर जे आहे तेच लिहा.

हॉटेलचं थोडक्यात. फुकट रद्द करता येणारी खोली घ्या, मेट्रोच्या स्टेशनला चालत जाता येईल अशी, आणि सगळ्यात वाईट शेरे आधी वाचा. भारतातून रात्री निघणारी बरीच विमानं पहाटे उतरतात, खोली मात्र दुपारी दोन-तीनला मिळते. म्हातारं माणूस सोबत असेल तर आदल्या रात्रीचेही पैसे भरून खोली धरा किंवा लवकर प्रवेशाबद्दल हॉटेलला मेल टाका. आम्ही आईला लॉबीत सहा तास बसवलं होतं. ती तिथंच खुर्चीत माळ ओढत बसली, तक्रार केली नाही, पण घरी आल्यावर सगळ्या गल्लीला सांगितलं.

एजंट की स्वतः

पहिली वारी, घरात म्हातारी माणसं, इंग्रजीची धास्ती असं असेल तर मराठी टूर कंपनीबरोबर जाण्यात कमीपणा काही नाही. जेवणाची ददात मिटते. पण जाहिरातीतला आकडा म्हणजे ‘पासून पुढं’. कागद घेऊन बसा आणि विचारा : विमानभाडं धरलंय का? ‘लँड पॅकेज’ म्हणजे धरलेलं नाही. निघणं मुंबईहून, की आमच्या गावाहून? व्हिसा, टिप, दुपारची जेवणं कुणाची? खोलीत दोघं की तिघं? एकट्या माणसाला वर किती? रद्द केलं तर कोणत्या तारखेला किती कापणार, हे लेखी आहे का?

गावातल्या एजंटाकडून तिकीट काढलं तर जीएसटी क्रमांकाची पावती घ्या आणि घरी येऊन पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघा. पीएनआर दिसला म्हणजे तिकीट निघालं असं नाही, ते नुसतं धरून ठेवलेलं असू शकतं. १३ आकडी ई-तिकीट क्रमांक आला की पक्कं. स्वस्त कंपन्यांत असा क्रमांक दिसेलच असं नाही, तिथं ‘कन्फर्म’ आणि पैसे भरल्याची नोंद बघा. आमच्या एका सहकाऱ्याला कागदावर सुंदर छापलेलं तिकीट मिळालं होतं, विमान कंपनीच्या यादीत नाव नव्हतं. पैसे रोख दिलेले. शक्यतो कार्डानं किंवा बँकेतून द्या, म्हणजे भांडायला काहीतरी हातात राहतं.

परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीनं आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो, पहिल्या रुपयापासून. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, तेव्हा चालू दर विचारून घ्या. हे पैसे बुडत नाहीत. ज्याच्या पॅनवर कापलेत त्याच्या आयकर विवरणात ते वळते होतात. त्यामुळे पॅकेज कुणाच्या पॅनवर घ्यायचं हे विचारपूर्वक ठरवा. जो विवरण भरतच नाही अशा आजोबांच्या पॅनवर घेतलं की पैसे अडकले.

पैसे

थोडी रोकड, एक फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरून नेतात ते), एक साधं कार्ड, हे तीन खिशांत तीन माणसांकडे. रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, तेवढं सहसा लागत नाही. चलन बँकेतून किंवा परवानाधारक दुकानातून इथंच घ्या, विमानतळावर दर वाईट असतो. आपल्या डेबिट-क्रेडिट कार्डावरचा परदेशी व्यवहार मुळात बंद असतो, बँकेच्या ॲपमधून तो निघण्याआधी सुरू करा. दुकानात मशीन विचारतं, ‘रुपयात भरता की तिथल्या चलनात?’ कायम तिथलं चलन निवडा. रुपयात म्हटलं की दुकानदाराच्या बँकेचा दर लागतो आणि तो आपल्याला जड जातो. सिंगापूर, यूएई, नेपाळ, भूतान, मॉरिशस, श्रीलंका इथं काही ठरावीक दुकानांत यूपीआय चालतं, पण त्याच्या जिवावर निघू नका.

भारतातलं सिम काढून घरी ठेवू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या, डेटासाठी तिकडचं सिम किंवा ई-सिम वापरा.

विमा घेताना बीपी-शुगर लपवू नका. लपवलेल्या आजारावरूनच दावा नाकारला जातो. आणि तो शेवटच्या दिवशी न घेता तिकीट काढल्या काढल्या घ्या, म्हणजे निघण्याआधी कुणी आजारी पडलं तर सहल रद्द झाल्याचं कलम उपयोगी येतं.

बॅग

शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, धपाटे, दशम्या हे सगळं मोठ्या बॅगेत घाला. लोणचं आणि ठेचा हातातल्या बॅगेत नको, तिथं १०० मिलीलिटरचा नियम आहे आणि तेल सुटलेलं काहीही ते अडवतात. पॉवर बँक याच्या उलट : ती फक्त हातातच, १०० वॅट-तासांपर्यंत.

दुबईला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी दोनदा सांगतो. खसखस यूएईमध्ये बंदी असलेली वस्तू आहे. अफूच्या बोंडातली म्हणून. आपण ती भाजून काळ्या मसाल्यात कुटतो आणि विसरून जातो. नणंदेसाठी, मुलासाठी घरचा मसाला न्यायचा असेल तर बिनखसखशीचा वेगळा कुटा, नाहीतर नेऊच नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल यांवरही तिथं कडक निर्बंध आहेत. नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

तंबाखू मळणाऱ्यांनी सिंगापूरला जाताना मन घट्ट करावं. तिथं खायच्या तंबाखूवर बंदी आहे, च्युइंग गमही विकत मिळत नाही. आमचे एक भाऊजी चंची घरी ठेवून गेले आणि पाच दिवस सुपारीच्या आठवणीत काढले. त्यांची बायको म्हणाली, एवढ्यासाठी दरवर्षी नेईन.

जाताना अंगावर जड दागिने असतील तर कस्टमकडून त्याची नोंद करून घेता येते, म्हणजे परत येताना ‘हे कुठून आणलं’ हा प्रश्न नको. दुबईहून सोनं आणायला सांगणारे नातेवाईक प्रत्येकाला असतात. पुरुषाला २० ग्रॅम, बाईला ४० ग्रॅम बिनजकातीचं आणता येतं, हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं असतं. ती सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, पाच दिवस फिरून येणाऱ्यासाठी नाही. आमच्या आत्याला हे पटलेलं नाही. ती अजून म्हणते, ‘आणायचं नव्हतं म्हणून सांग की सरळ.’